कागदपत्रं नसलेली मुलं, एच-४ वरची मुलं आणि अमेरिकेतलं कॉलेज : कुणी कोणतं दार ठोठावायचं?

कोकणकडा :
प्रवेशाचा मोसम आला की मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत तेच प्रश्न फिरतात आणि उत्तरंही तीच, अर्धी-मुर्धी. "ड्रीम अ‍ॅक्टचा फॉर्म भर." "डाका करून घे." "इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन ये." (ड्रीम अ‍ॅक्ट म्हणजे स्टेटस नसलेल्यांना राज्याचं अनुदान देणारा कायदा, डाका म्हणजे लहानपणी आणलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरती सूट आणि वर्क परमिट देणारी केंद्राची योजना.) यातलं प्रत्येक वाक्य कुणासाठी तरी बरोबर असतं आणि दुसऱ्या कुणाला खड्ड्यात घालतं. धागा त्यासाठी काढलाय. कॅम्पसवर काम करणारे, फायनान्शियल एडमधले, वकिलीतले लोक इथे आहेत, त्यांनी भर घालावी. माझा भर कॅलिफोर्नियावर आहे.

आधी फोड करून घेऊ. पहिला गट : ज्यांच्याकडे कायदेशीर स्टेटस नाही. व्हिसा संपल्यावर राहिलेलं कुटुंब असेल, सीमेवरून आलेलं असेल. यांत भारतीय किती, यावर एकमत नाही. २०२२ साठी प्यू या संशोधन संस्थेचा अंदाज सुमारे ७,२५,००० आहे, तर सरकारच्या होमलँड सिक्युरिटी खात्याचा २,२०,०००. कोणताही आकडा धरा, "आपल्यात असं कुणी नसतं" हे म्हणणं टिकत नाही.

दुसरा गट : आईवडिलांच्या एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर एच-४ (कुटुंबीयांचा व्हिसा) घेऊन लहानपणी आलेली मुलं. ईबी-२, ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या वर्गांतली भारताची रांग दहा वर्षांहून मागे आहे, त्यामुळे ग्रीन कार्डाआधी मुलाचा एकविसावा वाढदिवस येतो आणि एच-४ संपतो. आपल्या मंडळांत हाच गट मोठा.

दोघांना मिळणारा सल्ला बऱ्याचदा अगदी उलटा असतो. स्टेटस नसलेल्या मुलाला कॅलिफोर्नियात एबी ५४० या कायद्याने रहिवाशांची कमी (इन-स्टेट) फी आणि शिवाय राज्याचं अनुदान मिळू शकतं, एच-४ वरच्याला त्याच वाटेने नाही. स्टेटस नसलेल्या मुलाचा इंटरनॅशनल ऑफिसशी काही संबंध येत नाही, एच-४ वाल्याचा तिथे गेल्याशिवाय एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) होत नाही. मुलाचा आय-९४ (प्रवेशाची आणि राहायच्या मुदतीची नोंद) आणि जन्मतारीख पाहिल्याशिवाय कुणी सल्ला देत असेल तर तो सल्ला बाजूला ठेवा.

मधुमालती :
चांगला विषय. एबी ५४० बद्दल सविस्तर लिहाल का? एच-४ वाल्यांना ते लागू नाही असं कसं? मुलं तर बालवाडीपासून इथेच शिकलेली असतात.

कोकणकडा :
मालतीताई, तिथेच सगळे अडकतात. एबी ५४० हा २००१ चा कायदा. कॅलिफोर्नियाच्या हायस्कुलात तीन वर्षं शिक्षण, तिथून पदवी किंवा समकक्ष परीक्षा, आणि एक प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर परराज्याची जादा फी माफ होते. २०१७ च्या एसबी ६८ ने कम्युनिटी कॉलेज आणि प्रौढ शाळेतली वर्षंही मोजायला सुरुवात केली. पण प्रतिज्ञापत्रात एक चौकट असते : मी 'नॉनइमिग्रंट' (तात्पुरत्या व्हिसावरचा) आहे की नाही. चालू एच-४ असलेला मुलगा नॉनइमिग्रंटच असतो, त्याला "नाही" वर खूण करता येत नाही. टी आणि यू व्हिसाला (मानवी तस्करी आणि गुन्ह्यांच्या बळींचे) अपवाद आहे, एच-४ ला नाही.

घाबरायचं कारण नाही, कारण एच-४ वाल्याला एबी ५४० ची गरजच नसते. एच-१बी आणि एच-४ वर कॅलिफोर्नियात रीतसर रहिवासी ठरता येतं : सत्राआधी ३६६ दिवसांचं वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा दाखवणारे कागद, म्हणजे राज्याचं कर विवरणपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, भाडेकरार. मूल लहान असेल तर आईवडिलांचे कागद चालतात. म्हणजे इन-स्टेट फी मिळते, वाट वेगळी. अनुदान मात्र नाही. एच-४ वर फॅफ्सा (केंद्राच्या मदतीचा अर्ज) चालत नाही, म्हणजे पेल ग्रँट (केंद्राचं अनुदान) नाही, केंद्राचं कर्ज नाही.

गफलत पुढे होते. तोच मुलगा एकविसाव्या वर्षी एफ-१ वर गेला की रहिवासाचा प्रश्न पुन्हा उघडू शकतो, कारण एफ-१ वर रहिवास सिद्ध करता येत नाही. यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) नव्या परराज्य विद्यार्थ्याला २०२५-२६ साली वर्षाला ३७,६०२ डॉलर जादा आहेत. एफ-१ चा अर्ज टाकण्याआधी रजिस्ट्रारच्या रेसिडेन्सी डेस्कला ईमेलने विचारा, "स्टेटस बदलल्यावर माझं वर्गीकरण बदलेल का?" आणि उत्तर लेखी घ्या. खिडकीवर तोंडी मिळालेलं उत्तर पुढच्या सत्रात कुणाला आठवत नाही.

साधा_माणूस :
एक भाबडा प्रश्न. एच-४ संपायच्या आधी डाकाला अर्ज करून ठेवला तर?

टाकीचं_पाणी :
नाही होणार, आणि दोन कारणांनी. डाका १५ जून २०१२ ला जाहीर झाला आणि त्या दिवशी कायदेशीर स्टेटस नसणं ही अटच होती. त्या दिवशी एच-४ वर असलेलं मूल त्यामुळेच बाद. दुसरं, १५ जून २००७ पासून सलग इथे राहिलेलं असावं लागतं. यंदा कॉलेजात येणारी मुलं साधारण २००७-०८ च्या जन्माची, म्हणजे मुळात बसणारच नाहीत. शिवाय टेक्सासच्या खटल्यामुळे २०२१ पासून पहिल्यांदा केलेले अर्ज निकाली निघत नाहीत, फक्त नूतनीकरण चालतं. ते मुदत संपायच्या १५० ते १२० दिवस आधी टाकावं, ऑनलाइन फी ५५५ डॉलर.

कॅम्पसवरच्या बऱ्याच माहितीपत्रकांत अजून "डाका विद्यार्थ्यांसाठी मदत" असंच लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी जवळजवळ कुणाकडेच आता डाका नाही, म्हणजे वर्क परमिट नाही, सोशल सिक्युरिटी नंबर नाही. ती मुलं पत्रक वाचतात आणि हे आपल्यासाठी नाही असं समजून परत जातात. कॅम्पसवरची मदत केंद्रं चालवणाऱ्यांनी पहिली दुरुस्ती ही करावी.

निशिगंध :
फायनान्शियल एडच्या बाजूने लिहिते.

स्टेटस नसलेल्या विद्यार्थ्याने फॅफ्सा भरू नये. कॅलिफोर्नियात त्याऐवजी कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज. मागे २०११ चे एबी १३० आणि एबी १३१ हे कायदे. हा अर्ज राज्याच्या स्टुडंट एड कमिशनकडे जातो, केंद्राकडे नाही. यातून कॅल ग्रँट (राज्याचं अनुदान), कम्युनिटी कॉलेजची फी माफी, विद्यापीठाचं स्वतःचं अनुदान आणि कॅलिफोर्निया ड्रीम लोन (वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत, एकूण २०,०००) यांचा विचार होतो. कॅल ग्रँटची ठरलेली तारीख २ मार्च. मधूनअधून मुदत वाढते, पण त्या भरवशावर राहू नका.

नेहमी होणारे घोटाळे सांगते.

मुलगा ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज भरतो आणि समजतो की फी आपोआप कमी होईल. फी कमी होते एबी ५४० मुळे. ड्रीम अ‍ॅक्ट अनुदान देतो. बिलावर "नॉनरेसिडेंट" दिसत असेल तर प्रतिज्ञापत्र रजिस्ट्रारकडे पोचलेलं नाही किंवा हायस्कुलाची गुणपत्रिका अपुरी आहे. तीन कॉलेजांना अर्ज केला असेल तर तिन्हीकडे स्वतः तपासा.

दुसरा घोटाळा नावाचा, आणि तो आपल्या लोकांत जास्त. हायस्कूल त्या मुलाचा जीपीए (गुणांची सरासरी) कमिशनला पाठवतं. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर जुळणी नाव आणि जन्मतारखेवर अवलंबून राहते. शाळेत "ओंकार पाटील", अर्जावर "ओंकार सुभाष पाटील", पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आणि म्हणून व्हिसावर पहिलं नाव "एफएनयू" (फर्स्ट नेम अननोन). अशा वेळी जीपीए एकीकडे आणि अर्ज दुसरीकडे लोंबकळतो आणि कॅल ग्रँट निघत नाही. शाळेच्या नोंदीत जे अक्षरन् अक्षर आहे तेच अर्जावर लिहा. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून घालायचं असेल तर सगळीकडे घाला, नाहीतर कुठेच नको. अर्ज केल्यावर कमिशनच्या विद्यार्थी पोर्टलवर खातं उघडून जीपीए जुळला का ते पाहा. जुळला नसेल तर हायस्कूल समुपदेशकाला गाठा, कॉलेजच्या हातात तेव्हा काही नसतं.

तिसरी गोष्ट मिश्र कुटुंबाची. मूल इथे जन्मलेलं, नागरिक, पण आईवडिलांकडे स्टेटस नाही. मुलाला फॅफ्सा भरता येतो आणि पालकाला नंबर नसतानाही खातं उघडता येतं. फक्त पालकांची माहिती केंद्राकडे जाते, म्हणून कॅलिफोर्नियाने अशा मुलांना फॅफ्साऐवजी ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज करायची मुभा दिली आहे. पण त्यात पेल ग्रँटवर पाणी सोडावं लागतं, म्हणजे वर्षाला ७,३९५ डॉलरपर्यंत. हा निर्णय घरचे लोकच घेऊ शकतात. कॅम्पसवरच्या कर्मचाऱ्याने दोन्ही बाजू मांडाव्यात आणि गप्प बसावं.

हिशेबी_मावशी :
निशिगंध यांच्या प्रतिसादाला +१. नावाचा तो मुद्दा चिकटवून ठेवावा असा आहे.

साधा_माणूस :
पुढचा प्रश्न कामाचा. मुलांना इंटर्नशिप कशी द्यायची?

टाकीचं_पाणी :
इथेच दोन गटांची गल्लत सगळ्यात महागात पडते.

स्टेटस नसलेल्या विद्यार्थ्याला नोकरी देता येत नाही, कारण मालकाला आय-९ (कामाचा हक्क तपासल्याचा फॉर्म) भरावा लागतो. म्हणून कॅम्पस फेलोशिप देतात. त्यात तासांचा हिशेब नाही, पगारपत्रक नाही, विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी ठरावीक रक्कम स्टायपेंड म्हणून. ते खरोखर शिक्षणासाठीच हवं. खातेप्रमुखाने "दर मंगळवारी फ्रंट डेस्कवर बस" म्हटलं की ती नोकरी झाली आणि फेलोशिप कोसळली. पेरोलऐवजी फायनान्शियल एडच्या खात्यातून पैसे गेले तर मुलाच्या इतर अनुदानातून ते वजा होऊ शकतात. म्हणून रक्कम जाहीर करण्याआधी एड ऑफिसला विचारा, नाहीतर या हाताने द्यायचं आणि त्या हाताने काढून घ्यायचं असं होतं.

बरीच केंद्रं या मुलांना स्वतंत्र कंत्राटदार म्हणून काम कसं करायचं हेही शिकवतात. हाच सल्ला एच-४ वरच्या मुलाने ऐकला तर त्याचं स्टेटस तुटतं. एच-४ वरच्या मुलाला पैशाचं कुठलंच काम चालत नाही : कॅम्पसवरचं नाही, यूट्यूबवरचं नाही, काकांच्या दुकानातलं रोखीतलं नाही. एच-४ चं वर्क परमिट काही जोडीदारांना मिळतं, मुलांना नाही. बिनपगारी इंटर्नशिपही "त्या जागी एरवी पगारी माणूस असता का" या कसोटीवर घासून घ्या. एफ-१ मंजूर झाला की सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवर काम करता येतं. सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम) साधारणपणे एका शैक्षणिक वर्षानंतर, ओपीटी (शिक्षणाशी निगडित काम) १२ महिने, आणि विज्ञान-अभियांत्रिकीला आणखी २४.

आयटीआयएनबद्दल, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांच्या कर क्रमांकाबद्दल : त्यासाठीचा डब्ल्यू-७ फॉर्म कर विवरणपत्रासोबत जातो. एप्रिल २०२५ मध्ये कर खातं आणि आयसीई (धरपकड आणि हद्दपारी करणारं खातं) यांच्यात माहिती देण्याचा करार झाला आणि ते प्रकरण न्यायालयात गेलं. ज्या घरातून आजवर कधीच विवरणपत्र गेलेलं नाही, त्यांनी पहिला डब्ल्यू-७ टाकण्याआधी वकिलाशी बोलावं. आधीपासून भरणाऱ्यांचा पत्ता तिथे आहेच.

रांगेतला_माणूस :
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही पंधरा वर्षं रांगेत उभे, कर भरतो, नियम पाळतो. आणि नियम मोडून राहिलेल्यांना अनुदान? मंडळाने यात का पडावं?

कोकणकडा :
राग नाही. पण रांगेत उभ्या असलेल्या घरातलं मूल एकविसाव्या वाढदिवशी एच-४ मधून बाहेर पडतं आणि एफ-१ चा अर्ज वेळेवर गेला नसेल तर दुसऱ्या दिवसापासून ते पहिल्या गटात असतं. दोन गटांमधलं अंतर तेवढंच. राहिली गोष्ट एबी ५४० ची : तो नागरिकांनाही लागू आहे. कॅलिफोर्नियात शिकून परराज्यात राहायला गेलेल्या घरची मुलंही त्यावर इन-स्टेट फी भरतात. १९९६ च्या केंद्रीय कायद्यात निव्वळ रहिवासावर अशी सवलत द्यायला मनाई आहे, म्हणून राज्याने ती "हायस्कुलातली वर्षं" यावर बांधली. यापलीकडच्या राजकारणासाठी दुसरा धागा काढा.

मधुमालती :
वाढदिवसाचा मुद्दा निघालाच आहे तर एच-४ वरून एफ-१ चे टप्पे क्रमाने लिहा ना कुणीतरी.

ऊन_पाऊस :
लिहितो. लांबेल.

सगळ्यात आधी मुलाचा आय-९४ सीबीपीच्या (सीमाशुल्क आणि सीमा संरक्षण खातं) संकेतस्थळावरून उतरवून घ्या. आय-७९७ (मंजुरीची नोटीस) वरची तारीख आणि आय-९४ वरची तारीख वेगळी असू शकते. देशात शेवटचा प्रवेश आय-७९७ नंतर झाला असेल तर सहसा प्रवेशाच्या वेळचा आय-९४ धरतात. आणि भारतीय घरांत हमखास पाय घसरतो तो इथे : लहान मुलाचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि विमानतळावरचा अधिकारी पासपोर्ट जिथे संपतो तिथेच आय-९४ तोडतो. आईवडिलांचा २०२७ पर्यंत, मुलाचा २०२५ मध्येच संपलेला, आणि घरात कुणाला पत्ता नाही. कॉलेजात एफ-१ साठी गेल्यावर हे उघड होतं. अठरा पूर्ण झाल्यावर १८० दिवसांहून जास्त बेकायदा वास्तव्य झालं आणि मग देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, वर्षभर झालं तर दहा. म्हणून अशी चूक दिसली तर मुलाला "इंडियाला जाऊन स्टॅम्पिंग करून ये" असं चुकूनही सांगू नका. आधी वकील.

मग सीएसपीए, म्हणजे २००२ चा बालक दर्जा संरक्षण कायदा. व्हिसा नंबर उपलब्ध झाला, म्हणजे रांगेत तारीख लागली, त्या दिवशीच्या वयातून आय-१४० (मालकाने केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज) जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा होतात. समजा तारीख लागली तेव्हा मूल २१ वर्षं ५ महिन्यांचं होतं आणि आय-१४० आठ महिने अडकलेला होता. वय झालं २० वर्षं ९ महिने, एकवीसच्या आत, मूल वाचलं. गंमत अशी की प्रीमियम प्रोसेसिंगची फी भरून आय-१४० पंधरा कामकाजाच्या दिवसांत मंजूर करून घेतला असेल तर वजा करायला जेमतेम तीन आठवडे हातात राहतात. जुन्या मंजुऱ्या आता बदलत नाहीत, पण हिशेब करताना आय-१४० ची पावती तारीख आणि मंजुरी तारीख दोन्ही काढून ठेवा. आणखी एक, १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना व्हिसा बुलेटिनमधला (रांगेच्या तारखांचं दरमहाचं पत्रक) "फायनल अ‍ॅक्शन" तक्ताच धरतात, "डेट्स फॉर फायलिंग" नाही. २०२३ चा जुना लेख वाचून केलेला हिशेब चुकतो. तारीख लागल्यावर एका वर्षात अर्ज करायचा, हेही विसरू नका.

सीएसपीएने भागत नसेल तर एफ-१. एकविसाव्या वाढदिवसाच्या सहा ते आठ महिने आधी इंटरनॅशनल ऑफिसात जा. तिथल्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणारा अधिकारी) सांगा की आय-२० (एफ-१ साठी कॉलेज देतं ते पत्र) "स्टेटस बदल" या कारणासाठी हवा, नव्या प्रवेशासाठी नको. एका वर्षाच्या फी आणि राहण्याच्या खर्चाइतके पैसे दाखवावे लागतात, तेही हाताशी असलेले : बँक खातं, मुदत ठेव चालते, घराची किंमत चालत नाही. नागपुरातल्या काकांचं बँकपत्र असेल तर सोबत त्यांचं प्रायोजकपत्र लागतं. आय-२० हातात आला की आय-९०१ ची, म्हणजे सेविस या सरकारी विद्यार्थी नोंदवहीची, ३५० डॉलर फी. मग आय-५३९ (स्टेटस बदलाचा अर्ज) : ऑनलाइन ४२० डॉलर, कागदी ४७०. सोबत पालकाची आय-७९७, अलीकडच्या पगारपावत्या, जन्मदाखला, आय-९४, आय-२०, पैशांचे पुरावे आणि अभ्यासक्रम का, पुढे काय हे सांगणारं पत्र. फॉर्ममध्ये इमिग्रंट पिटीशनबद्दल प्रश्न असतो. आईवडिलांची ग्रीन कार्डाची फाइल आहे हे लपवू नका, सरकारकडे ती आहेच.

अर्ज एच-४ जिवंत असताना पोचला पाहिजे. मोजतात पावतीची तारीख, पोस्टात टाकल्याची नाही. कागदी अर्ज सही राहिली म्हणून परत आला आणि मध्ये वाढदिवस होऊन गेला तर सगळं संपतं, म्हणून ऑनलाइन करा.

अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर जायचं नाही. गेलं की तो सोडून दिला असं धरतात. आजीच्या पंचाहत्तरीला जायचंच असेल तर ते आधी उरका. पूर्वी एच-४ संपल्यापासून एफ-१ सुरू होईपर्यंतचा मधला काळ भरून काढायला पुन्हा पुन्हा आय-५३९ टाकावे लागत, जुलै २०२१ पासून तो त्रास गेला. पण एक काम राहतंच. आय-२० वरची सुरुवातीची तारीख जवळ आली आणि निर्णय आला नसेल, तर डीएसओकडून ती पुढच्या सत्रावर ढकलून घ्या. ढकलली नाही तर सेविसमधली नोंद आपोआप बाद होते आणि मंजुरी लटकते. डीएसओकडे शेकडो फाइली असतात, आठवण विद्यार्थ्यानेच करायची. एकवीस उलटल्यावर निर्णयाची वाट पाहत वर्गात बसण्याबद्दलही त्यांचंच लेखी मत घ्या. एफ-१ वरचं काम मात्र मंजुरी येईपर्यंत नाहीच.

आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटच्या टप्प्याचा अर्ज) आधीच दाखल झालेला असेल तर हे सगळं कदाचित लागणारच नाही. तेव्हा वकिलाला न विचारता एफ-१ च्या मागे धावू नका.

हिशेबी_मावशी :
ऊन_पाऊस, दंडवत. मुंबईच्या वकिलातीत जाऊन थेट एफ-१ स्टॅम्प घेतला तर?

ऊन_पाऊस :
मावशी, चालतं, लवकरही होतं. पण खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला "शिकून परत जाणार" हे पटवायचं असतं. आईवडील, भावंडं, घर सगळं फ्रीमॉन्टला आणि मुलाला मराठी धड वाचता येत नाही, अशा वेळी २१४(बी) खाली, म्हणजे परत जायचा इरादा पटला नाही म्हणून, नकार येऊ शकतो. आला की मूल तिकडे अडकलं. आत राहून बदल करणं संथ असलं तरी नकार आला तर निदान वकिलाशी समोरासमोर बसून पुढचं ठरवता येतं.

निशिगंध :
आता कर्मचाऱ्यांसाठी. प्राध्यापक, वॉर्डन, लायब्ररीवाले, सगळ्यांसाठी.

नोंदी ठेवू नका, हा पहिला नियम. फर्पा हा १९७४ चा कायदा विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी जपतो, पण तुम्ही ईमेलच्या विषयात "स्टेटस नसलेला विद्यार्थी, मदत हवी" असं लिहिलंत तर सरकारी विद्यापीठात ते ईमेल माहिती-अर्जाखाली मागितलं जाऊ शकतं आणि मग नाव झाकत बसावं लागतं. कार्यक्रमाला हजेरीपट नको, डोकी मोजा. फॉर्ममध्ये स्टेटस विचारायचं नाही, "एबी ५४० आहे का" एवढं पुरतं, कारण त्यात नागरिकही येतात. नाव, पत्ता, फोटो ही 'डिरेक्टरी' माहिती कॉलेज संमतीशिवाय देऊ शकतं. ती बंद करायचा फॉर्म रजिस्ट्रारकडे असतो, पहिल्याच आठवड्यात भरून घ्या. मात्र एफ-१ आणि जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमांचा व्हिसा) वाल्यांची सेविसमधली माहिती सरकारला द्यावीच लागते, तिथे फर्पाची ढाल चालत नाही. २०२५ च्या वसंतात हजारो सेविस नोंदी अचानक रद्द झाल्या आणि खटल्यांनंतर परत चालू झाल्या. काही मुलांना ते डीएसओने सांगितलं तेव्हाच कळलं. डीएसओने सेविस नियमित उघडून पाहायला हवं ते यासाठीच.

दारात इमिग्रेशनचे अधिकारी आले तर : शाळा-कॉलेजांना 'संवेदनशील ठिकाण' म्हणून असलेलं जुनं संरक्षण जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतलं आहे. वॉरंट मागा आणि डोकं शांत ठेवून वाचा. वर न्यायालयाचं नाव आणि खाली न्यायाधीशाची सही असेल तर ते न्यायालयीन. आय-२०० किंवा आय-२०५ लिहिलेलं असेल तर ते खात्याच्या अधिकाऱ्याच्या सहीचं प्रशासकीय, आणि त्यावरून कर्मचाऱ्याने वसतिगृहाचं किंवा कार्डाने उघडणारं दार उघडून देणं बंधनकारक नाही. पत्ता, तारीख, नाव जुळतंय का पाहा, परवानगी असेल तर फोटो काढा, बिल्ला क्रमांक लिहून घ्या आणि कॅम्पसच्या वकिलाला फोन लावा. "मला संमती द्यायचा अधिकार नाही, थांबा" हे एक वाक्य पाठ असावं. खोटं बोलायचं नाही, मुलाला मागच्या दाराने काढायचं नाही, आडवं उभं राहायचं नाही. यातून तुमच्यावरच गुन्हा येतो आणि मुलाला उपयोग शून्य. कॅलिफोर्नियात एबी २१ (२०१७) नुसार कॅम्पसने यासाठी एक संपर्क व्यक्ती नेमून ठेवायची असते आणि एबी १६४५ (२०१९) नुसार सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) व कम्युनिटी कॉलेजांत ड्रीम रिसोर्स लायझन, म्हणजे या मुलांसाठीचा संपर्क अधिकारी. त्यांचे नंबर फ्रंट डेस्कच्या फोनला चिकटवलेले हवेत. रात्री दोन वाजता डेस्कवर बसलेला विद्यार्थी-कर्मचारी संकेतस्थळ शोधत बसणार नाही.

मधुमालती :
आणि मुलाला उचललंच तर?

टाकीचं_पाणी :
आयसीईच्या ऑनलाइन लोकेटरवर ए-नंबर (इमिग्रेशन खात्याचा फाइल क्रमांक) आणि जन्मदेश टाकून शोधतात. ए-नंबर नसेल तर नाव अगदी नोंदीतल्या स्पेलिंगने. पुन्हा नावाचा तोच खेळ. म्हणून मुलांनी आधीच एका पाकिटात ठेवायचं : ए-नंबर असल्यास तो, पासपोर्टची प्रत, वकिलाचा नंबर, कॉलेजने वकिलाशी बोलावं यासाठी सही केलेली फर्पा संमती, बँक आणि भाड्यासाठी मुखत्यारपत्र. पाकीट विश्वासातल्या माणसाकडे, वसतिगृहाच्या खोलीत नव्हे. कॉलेजने करायची कामं दुसरीच : फी परत मिळायची मुदत, विषय "अपूर्ण" म्हणून ठेवणं, रजा, खोलीतलं सामान, अनुदानाची शैक्षणिक प्रगतीची अट. हे कुणी पाहिलं नाही तर मूल सुटून येतं आणि पाच विषयांत नापास व डोक्यावर थकबाकी. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवायचं का, हे त्या मुलाने ठरवायचं. त्याने मागितलं की पकडणाऱ्या खात्यावर कळवणं बंधनकारक आहे.

वकील म्हणजे स्टेट बारचा सदस्य किंवा न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी. "कन्सल्टंट" नको, कितीही ओळखीचा आणि गणपतीच्या मांडवात भेटणारा असला तरी. यूसीच्या विद्यार्थ्यांना यूसीचं इमिग्रंट लीगल सर्व्हिसेस सेंटर फुकट मदत करतं. सीएसयू आणि कम्युनिटी कॉलेजांतही मोफत वकील आहेत.

दुपारचा_चहा :
टेक्सास आणि न्यू जर्सीवाल्यांचं काय?

कोकणकडा :
थोडक्यात. टेक्सासने २००१ मध्ये एबी ५४० सारखा कायदा सर्वांत आधी केला. ४ जून २०२५ ला केंद्राने दावा लावला, त्याच दिवशी राज्याने मान्य केलं आणि न्यायाधीशांनी तो कायदा रोखला. स्टेटस नसलेल्यांना तिथे आता परराज्याची फी. एच-४ कायदेशीर वास्तव्य आहे, त्याला हे लागू नाही, पण रजिस्ट्रार गोंधळतात. आय-९४ ची प्रत घेऊन जा. फ्लोरिडाने आपली सवलत १ जुलै २०२५ पासून काढली. न्यू जर्सीत फीचा कायदा २०१३ चा, अनुदानाचा २०१८ चा. हायस्कुलातली तीन वर्षं आणि प्रतिज्ञापत्र. मूळ कायद्यात तिथेही नॉनइमिग्रंट वगळलेले होते, म्हणून एडिसनच्या एच-४ मुलाने तो आपल्याला लागू आहे की रहिवासाच्या वाटेने जायचं, हे आधी विचारून घ्यावं. कॅलिफोर्नियावरही नोव्हेंबर २०२५ मध्ये दावा लागला आहे, म्हणून या धाग्यावरच्या कुठल्याही फीबद्दलच्या वाक्याची तारीख पाहून मग विश्वास ठेवा.

हिशेबी_मावशी :
मंडळाच्या शिष्यवृत्तीबद्दल. बहुतेक फॉर्मवर "नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक" असं जुन्या सवयीने छापलेलं असतं. खासगी देणगीच्या पैशाला अशी कायदेशीर अट नाही. ती ओळ काढा, सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना काढा, आणि चेक थेट कॉलेजच्या विद्यार्थी खात्यावर, विद्यार्थी क्रमांक घालून. ऑगस्टच्या बिलात बसेल असा पाठवा. अनुदान आधीच पूर्ण असेल तर कॉलेज तेवढंच कमी करतं, म्हणून मुलाला आधी विचारा की फीला हवेत की पुस्तकं आणि घरभाड्याला. मोठ्या रकमेसाठी द ड्रीम डॉट यूएससारख्या संस्था आहेत, आणि इमिग्रंट्स रायझिंग स्टेटस न विचारणाऱ्या शिष्यवृत्त्यांची यादी ठेवतं. एच-४ वाल्यांसाठी इम्प्रूव्ह द ड्रीम ही त्याच मुलांनी उभारलेली संघटना. तिथले लोक आय-५३९ बद्दल सगळ्यांत अद्ययावत असतात.

साधा_माणूस :
शेवटचा. कॉलेजच्या मराठी क्लबची सहल एलएहून सॅन डिएगोला ठरतेय, भाड्याच्या बसने. काही अडचण?

निशिगंध :
जाताना नाही. येताना आय-५ वर सॅन क्लेमेंटेजवळ बॉर्डर पेट्रोलचं चेकपॉइंट आहे, उत्तरेकडे येणाऱ्या गाड्यांसाठी. कधी उघडं, कधी बंद. सहलीचं ठिकाण आणि रस्ता सगळ्यांना आधीच लिहून कळवा, न येणाऱ्याला कारण विचारू नका आणि बुकिंगचे पैसे परत द्या. एच-४ आणि एफ-१ वाल्यांनी पासपोर्ट व आय-९४ जवळ ठेवावा, अठरा पूर्ण असलेल्यांनी परदेशी नागरिक म्हणून झालेल्या नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचाच असतो. सहलीला सांता बार्बराही छान आहे.